कादंबरी बसून लिहावी लागते

(तरुण लेखकांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय. मध्ये लाइट गेली तेव्हाचं बोलणं तेवढं गाळलंय.)

दोस्तांनो, पोरींनो,

व्यासपीठ नाही, हार नाही, अध्यक्ष नाही, हे बरं झालं. सतरंजीवर बसून बोलताना माणूस खोटं कमी बोलतो. मला सांगितलं, कादंबरी कशी लिहावी यावर बोला. मी म्हटलं, बाबांनो, मी जन्मात एकच कादंबरी लिहिली. पाचशे प्रती काढल्या. त्यातल्या दीडशे अजून माळ्यावर आहेत. कुणाला पाहिजे असतील तर वाळवी लागायच्या आत घेऊन जा. ते म्हणाले, चालेल, तुम्ही पोरांच्या वह्या वाचता ना, त्यावर बोला.

हे खरंय. वह्या मी वाचतो. शंभराच्या वर वाचल्यात. कुणी मोबाइलवर पाठवतो, कुणी झेरॉक्स काढून आणतो. एक पोरगा तर धान्याच्या गोणीत घालून घेऊन आला होता, आठशे पानं. तेव्हा आज वह्यांवर बोलतो. सिद्धांत सांगायला विद्यापीठात पुष्कळ लोक पगार घेऊन बसलेत.

मी धंद्यानं कंपोझिटर. १९७१ साली, अठराव्या वर्षी हातात स्टिक घेतली. खिळे जुळवायचे. आजच्या पोरांना खिळा म्हणजे भिंतीत ठोकायचा तो. आमचा खिळा शिशाचा, त्याच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. खान्यातून एकेक उचलायचा, ओळ बांधायची, ओळींचं पान बांधायचं. दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा फुगायच्या. कादंबरी मी आधी बोटांनी शिकलो, डोळ्यांनी नंतर. एका नावाजलेल्या लेखकाची कादंबरी आमच्याकडं जुळवायला आली. दर दोन वाक्यांना उद्गारचिन्ह. तिसऱ्या फर्म्याला आमच्याकडली उद्गारचिन्हं संपली. मालक म्हणाला, थांबा, आधीचा फर्मा छापून सोडवू, त्याचीच चिन्हं पुढं वापरा. मी मनात म्हटलं, साला, या माणसाला एवढं ओरडावं का लागतंय? त्याच्या नायिकेला एका ओळीत चार विशेषणं होती. ती चारही मी शिशात उचलली. हाताला तेव्हाच कळलं, यातली तीन नुसती वजन आहेत.

तुम्ही अंगठ्यानं लिहिता. अंगठ्याला वजन लागत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की आठवड्यातून एकदा आपलं लिहिलेलं एक पान हातानं, पेननं, पुन्हा उतरवून काढा. जिथं बोटं कंटाळतील तिथं खूण करा. बोटं खोटं बोलत नाहीत. 'अत्यंत', 'भीषण', 'हृदयद्रावक', 'रक्तबंबाळ वेदना', हे सगळं तिथं गळून पडतं.

आता, आपल्याकडं कवितेला तोटा नाही. आत्मकथनाला तर नाहीच नाही. कादंबऱ्या त्या मानानं थोड्या. का? मी यावर बराच विचार केलाय. आपल्याला बुद्धी नाही म्हणून नाही, आणि अनुभव नाही म्हणून तर नाहीच. कविता रागात होते. लोकलच्या दारात उभ्यानं होते. मोर्चावरून आल्यावर पायातली चप्पल न काढता होते. कादंबरी बसून लिहावी लागते. दोन वर्षं, तीन वर्षं. राग तिथंही लागतोच, पण आजी रात्री चुलीतला निखारा राखेखाली दाबून ठेवायची ना, तसा तो दाबून ठेवावा लागतो, म्हणजे सकाळी फुंकर मारली की पेटतो. ज्याला रोज नव्यानं काडी ओढावी लागते त्याची कादंबरी तिसऱ्या प्रकरणात विझते. असल्या विझलेल्या वह्या माझ्याकडं चाळीसेक आहेत.

आणि बसायला जागा पाहिजे. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, टीव्ही चालू, शेजारी भांडण. पांढरपेशा लेखक मुलाखतीत सांगतो, मला एकांत लागतो. आपल्याला एकांत कोण देणार? बेबी कांबळे फलटणला दुकान चालवायच्या. दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून त्यांनी लिहिलं, आणि ते लिखाण वीसेक वर्षं लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' पुस्तकाच्या रूपात आलं ते १९८६ साली. म्हणजे एकांताची वाट बघू नका, तास ठरवा. मी प्रेस सुटल्यावर सात ते साडेआठ, फर्मा आवळायच्या टेबलावर बसायचो. अंगाला शाईचा वास, पोटात भूक. मालकाला सांगितलं होतं, दिवा मी विझवतो. रोज एक पान. मोर्चा, सभा, मयत, लग्न धरून वर्षातले शंभर दिवस गेले समजा. तरी अडीचशे पानं होतात. हा हिशेब कुणी मांडून बघत नाही. सगळे म्हणतात, सुचत नाही. सुचत नसतंच. बसल्यावर सुचतं.

दुसरं, माहितीची वही वेगळी ठेवा. कादंबरीची वेगळी, माहितीची वेगळी. एका पोरानं बहात्तरच्या दुष्काळावर दोनशे पानं लिहून आणली. 'पोटात भुकेचा वणवा पेटला होता' हे वाक्य मी सतरा वेळा मोजलं. मी म्हटलं, बाळा, लोक खात काय होते? तो गप्प. अरे, मिलो कुठंय? ती लाल अमेरिकन ज्वारी, जिची भाकरी थापताना मोडायची. सुकडी कुठंय? खडी फोडायला बाया जायच्या, हजेरी कोण मांडायचं, मुकादम किती कापायचा, बाळंतीण कुठं बसायची? तुझ्या आजीला विचारलंस का? म्हणाला, आजी आहे पण तिला काय कळतं. मी वही परत दिली. सांगितलं, एक महिना लिहू नको, आजीजवळ बस. तो महिन्यानं आला तो चाळीस पानं घेऊन आला, आणि त्यात 'वणवा' एकदाही नव्हता. आजीनं त्याला सांगितलं होतं, की खडीच्या ढिगाचं माप होताना ढीग आतून पोकळ रचायचा आणि वरून नीट दिसू द्यायचा, ही युक्ती बायांनी शोधली होती. हे त्याला कुठल्या ग्रंथालयात मिळालं असतं?

'अन्याय' हा शब्द कादंबरीत चालत नाही. भाषणात चालतो. कादंबरीत येसकरपाळी कुणाकडं होती ते सांगा. घुंगराची काठी कुठल्या कोपऱ्यात टेकवलेली असायची. भाकरी मागायला कुठल्या दारापासून सुरुवात करायची, कोणत्या घरी वरून टाकायचे आणि कोणती म्हातारी टोपलीत हात लावून ठेवायची. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, मग पुढच्या सुगीला खळ्यावर काय झालं? कोण पाटलाकडं गेलं, कोण गेलं नाही, आणि न गेलेल्याच्या घरी त्या वर्षी काय शिजलं? कायदा झाला त्या दिवशी कादंबरी संपत नाही, तिथनं सुरू होते.

आत्मकथनाबद्दल बोलतो. १९७८ ला 'बलुतं' आलं, मग रांगच लागली. 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'तराळ अंतराळ', 'अक्करमाशी', 'उचल्या'. ही पुस्तकं आम्ही उभ्या उभ्या वाचली. त्यामुळं तुम्हाला वाटतं, आपलं आयुष्य सांगितलं, फक्त 'मी'चा 'तो' केला आणि गावाचं नाव बदललं, की कादंबरी झाली. होत नाही. आत्मकथनात वाचक आधीच मान्य करून बसतो की हे घडलंय. कादंबरीत 'हे खरंच घडलंय हो' असं म्हणायची सोय नाही. घडलेलं असूनसुद्धा पानावर खोटं वाटतं, आणि न घडलेलं खरं वाटतं. दया पवारांनी 'बलुतं'मध्येसुद्धा सरळ 'मी, मी' केलेलं नाही. दया पवार आणि दगडू मारुती पवार, एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसवलेत. एक सांगतो, दुसरा ऐकतो. आत्मकथनालाही एवढी मांडणी लागली, मग कादंबरीला किती लागेल?

मांडणीचं एकच उदाहरण देतो. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३ चा संग्रह, त्यातली ही कथा. तिच्यात जोर कशाचा आहे? सांगणाऱ्याची जात वाचकाला माहीत, भोवतालच्या माणसांना माहीत नाही. बस. एवढ्यावर सगळं चालतं. कुणी प्रेमानं 'या बसा' म्हटलं तरी आपल्या पोटात गोळा येतो. शिवी नाही, मारहाण नाही, नुसतं आदरातिथ्य, आणि वाचणारा घामाघूम. मार पुढं येतो, पण भीती आधीच बसलेली असते. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, हे प्रत्येक प्रकरणाच्या वर पेन्सिलीनं लिहून ठेवा. निम्म्या अडचणी तिथंच सुटतात.

काळ किती धरायचा, हेही ठरवा. आपल्या पोरांच्या कादंबऱ्या पेशवाईत सुरू होतात आणि नायक कलेक्टर होऊन संपतात. मुल्कराज आनंदांनी १९३५ साली 'अनटचेबल' लिहिली, त्यात बाखा नावाच्या सफाई करणाऱ्या पोराचा एकच दिवस आहे. सकाळ ते संध्याकाळ. ते हस्तलिखित एकोणीस प्रकाशकांनी नाकारलं होतं, हेही ध्यानात ठेवा. ती कादंबरी आपल्या आतून आलेली नाही, बाहेरून बघितलेली आहे, यावर माझं भांडण आहे. पण एक दिवस पकडायची अक्कल घ्यायला हरकत नाही. अक्कल कुठूनही घ्यावी.

पाटलाबद्दल. तुमच्या वह्यांतला पाटील पहिल्या पानावर मिशा पिळतो आणि शेवटच्या पानापर्यंत पिळतच असतो. असला कागदी पाटील एका काडीत जळतो, आणि वाचकाला वाटतं, एवढं सोपं होतं तर या लोकांनी इतकी वर्षं सहन का केलं? खरा पाटील गोड बोलतो. तुमच्या बापाला 'काय म्हणतोस बाबा' म्हणतो. बाळंतपणाला पैसे देतो, म्हणून तर वर्षभर राबवून घेतो. त्याच्याही पोरीला ताप येतो. हे लिहायचं ते त्याची कीव यावी म्हणून नाही, त्याची पकड किती घट्ट आहे ते कळावं म्हणून. अण्णाभाऊंनी १९५९ च्या 'फकिरा'त विष्णुपंत कुलकर्णी हा चांगला माणूस रंगवलाय. त्यानं फकिराची धार कमी झाली का? झाली नाही. आणि ती कादंबरी त्यांनी अर्पण कुणाला केली, तर बाबासाहेबांच्या लेखणीला. ज्याची बाजू पक्की असते त्याला समोरच्याला माणूस म्हणून रंगवायची भीती वाटत नाही.

नायकाच्या तोंडची भाषणं काढून टाका. मी स्वतः भाषण करतोय आणि हे सांगतोय, हसा. पण गावच्या विहिरीवर चौघांनी घेरलेला पोरगा तीन पानं घटनेची कलमं सांगत नाही. तो आधी पळायला वाट बघतो.

बायांबद्दल जरा खरमरीत बोलणार आहे. पोरांनी खाली बघू नये, वर बघावं. तुमच्या वह्यांत नायकाची बहीण तिसऱ्या प्रकरणात येते. तिच्यावर अत्याचार होतो. नायक पेटून उठतो. आणि ती? ती परत येत नाही. मेली, का जगली, का शिवणक्लास लावला, काही पत्ता नाही. नायकाला पेटवायला काडी पाहिजे होती, ती ओढली, फेकून दिली. हे प्रस्थापितांनी केलं असतं तर आपण त्यांच्या पुस्तकाची होळी केली असती. आणि घरातल्या मारहाणीचा तर शब्द नाही. सगळा जुलूम वेशीबाहेरून आत येतो, आपल्या उंबऱ्याच्या आत सगळे बुद्धासारखे शांत. बेबीताईंनी घरातलं लिहिलं तेव्हा त्यांना ते वीस वर्षं का लपवावं लागलं, याचा विचार करा.

इथं माझं स्वतःचं सांगितलं पाहिजे. नाहीतर मी तुम्हाला शिकवतोय आणि स्वतः स्वच्छ, असं होईल.

मी मनमाडचा. बाप रेल्वेत गँगमन. १९५६ च्या ऑक्टोबरात तो नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि आल्या आल्या देव्हारा रिकामा केला. मी तीन वर्षांचा. मला काही आठवत नाही, ऐकलेलं तेवढं. कादंबरीत मी हा प्रसंग नऊ पानं लिहिला होता. बाप सिंहासारखा उभा, देवांचं गाठोडं हातात, नदीचं पाणी खळाळतंय, माझी आई पाठीशी, डोळ्यांत नवं तेज. सूर्यही उगवला होता, खोटं कशाला बोलू. दोस्तांना वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या.

१९८४ साली वही घेऊन आक्काकडं गेलो. आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, तिसरी शिकलेली. तिला वाचून दाखवत होतो. ती तांदूळ निवडत ऐकत होती. नऊ पानं संपली. ती म्हणाली, "चांगलं लिव्हलंस. पण टाक कुठंय?"

मी म्हटलं, कसला टाक?

"चांदवडच्या रेणुकेचा. मायनं पिठाच्या डब्यात लपवला व्हता तो. बानं गाठोडं बांधायच्या आधी. मी बघितलं ना. मला म्हणली, बोललीस तर जीभ हासडीन."

मग तिनं सगळं सांगितलं. माझ्या आधीचा भाऊ देवी येऊन गेला होता. म्हणजे तो रोग, देवी. मी पोटात होतो तेव्हा आईनं रेणुकेला नवस बोलला होता. त्या आठवड्यात मला ताप होता. बाई करणार काय? ती रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढं बसून त्रिशरण म्हणायची, आणि सकाळी पीठ काढताना डब्यात हात घालून टाक आहे का चाचपायची. दोन्ही. कितीतरी वर्षं.

मी विचारलं, बाला कधी कळलं नाही?

आक्का म्हणाली, "कळलं की. माय बाळंतीण व्हती, बा भाकरी करायला बसला. डब्यात हात घातला. टाक हातात आला. मी दारात. म्या म्हणलं, आता मायचं मढं पडतं. त्यानं तळहातावर घेऊन बघितलं. परत पिठात खुपसला. वरून पीठ सारखं केलं. झाकण लावलं."

मीठ जास्त झालं म्हणून हात उगारणारा माणूस, दोस्तांनो. पगाराच्या रात्री आम्ही ज्याच्या भीतीनं शेजारी जाऊन झोपायचो तो माणूस. त्यानं झाकण लावलं. आणि मेला तोपर्यंत कुणाला बोलला नाही.

माझी नऊ पानं तिथंच मेली. त्यातला सिंहही मेला आणि सूर्यही. मी घरी जाऊन तो प्रसंग अडीच पानांत लिहिला. डबा, टाक, पीठ, झाकण. एकही विशेषण लागलं नाही.

दोस्तांना वाचून दाखवलं. या वेळी टाळ्या नाहीत. एकजण, माझा जिवाभावाचा, म्हणाला, हे छापलंस तर ते लोक उद्या म्हणतील, बघा, धर्म बदलला पण यांच्या मनातून देवी गेली नाही. तू त्यांच्या हातात कोलीत देतोयस. दुसरा म्हणाला, आईची बदनामी करतोस. पुढं वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. त्यांचं म्हणणं फालतू नव्हतं. कोलीत दिलं की घर जळतं, हे आपण बघितलंय. आजही मला त्यांना खोडून काढता येत नाही. मी एवढंच म्हणालो, की टाक लपवणारी बाई आणि तो परत पिठात ठेवणारा बाप, हे दोघं मला बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या माझ्या नायकापेक्षा जास्त धर्मांतर केलेले वाटतात. ते म्हणाले, हे तुला वाटतं, वाचणाऱ्याला वाटेल कशावरून? यावर उत्तर एकच होतं, ते पुन्हा लिहिणं. मी ती अडीच पानं अकरा वेळा लिहिली. तुमच्याही वहीत असा एखादा डबा असणार. तो उघडायचा का नाही हे मी सांगणार नाही. पण न उघडता वर फुलं वाहून ठेवलीत, तर निदान स्वतःला माहीत असू द्या.

अमेरिकेतल्या रिचर्ड राइट या काळ्या लेखकाची गोष्ट इथं कामाची आहे. १९३८ ला त्याचा कथासंग्रह आला, 'अंकल टॉम्स चिल्ड्रन'. वाचून गोऱ्या सावकारांच्या पोरी रडल्या. राइटला स्वतःचाच राग आला. रडून मोकळं होता येईल असं आपण लिहिलंच कसं? पुढची कादंबरी त्यानं अशी लिहायची ठरवली, की वाचणाऱ्याला रडण्याचं सुख मिळू नये. ती १९४० ची 'नेटिव्ह सन'. तिचा नायक बिगर थॉमस खून करतो, एका गोऱ्या पोरीचा आणि मग आपल्याच काळ्या मैत्रिणीचाही. त्याला पोटाशी धरता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. हे सगळं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. आपल्याकडं रडवण्याचा धंदा तेजीत आहे, म्हणून सांगितलं.

त्या धंद्याचा एक अनुभव. माझी वही मी एका प्रकाशकाला दाखवली. नाव घेत नाही. चहा पाजला, सज्जन माणूस. म्हणाला, बोलीभाषा जरा कमी करा, भूक जरा वाढवा. वर म्हणाला, पिठाचा डबा वगैरे बारकावे वाचकाला नको असतात. मी चहा संपवून उठलो. १९९१ साली आम्ही चौघांनी वर्गणी काढून छापली. माझ्याशी वर्षभर न बोललेल्या दोस्तानंही दोनशे रुपये दिले. खिळे मीच जुळवले, रात्री. स्वतःची कादंबरी स्वतः जुळवताना मी बावीस पानं कापली. पुढं डीटीपी आलं, आमचे खिळे किलोच्या भावानं भंगारात गेले, आणि मी प्रुफं तपासायला लागलो.

बोलीचं मात्र नीट समजून घ्या. संवाद बोलीत आणि निवेदन पुस्तकी, ही एक रीत आहे. उद्धव शेळक्यांच्या १९६० च्या 'धग'मध्ये कौतिक वऱ्हाडी बोलते, आणि ती बोली नुसती नक्षी म्हणून लावलेली नाही, त्यातनं माणसं उभी राहतात. सगळंच बोलीत लिहायचं ही दुसरी रीत. कोणतीही धरा, पण मध्येच सोडू नका. आणि शब्दाच्या पुढं कंसात अर्थ देऊ नका. हाडकी म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तो चार पानांत शिकेल. आपण त्यांच्या कादंबऱ्यांतले सोवळं, पळी-पंचपात्री, तुळशीवृंदावन शिकलोच ना, कुणी कंस दिला होता का? शिव्यांचंही तसंच. वस्तीतला माणूस शिवी देतो ती कधी प्रेमानं, कधी सवयीनं, कधी मारायला. तुम्ही शहरातल्या वाचकाला दचकवायला देता. ते लगेच कळतं. कळायला उपाय सोपा आहे, मावशीला वाचून दाखवा. ती हसली तर ठेवा. ती नुसती उठून गेली तर खोडा.

पहिला खर्डा झाला की लगेच छापायला पळू नका. आजकाल पैसे भरले की महिन्यात पुस्तक निघतं. आईचं मंगळसूत्र मोडून छापलेली पुस्तकं मी बघितलीत, शंभर प्रती मित्रांना वाटल्या, संपलं. वही ट्रंकेत टाका. तीन महिने बघू नका. मग एका बैठकीत मोठ्यानं वाचा. जीभ अडखळेल तिथं वाक्य चुकलेलं असतं. पहिली दहा पानं बहुधा जातातच, कारण त्यात तुम्ही कादंबरी लिहायला घसा साफ करत असता. दोन माणसांना दाखवा. एक वाचणारा, एक न वाचणारा. कवीला दाखवू नका, तो तुमच्यापेक्षा स्वतःचंच जास्त ऐकवेल. आणि मोठ्या माणसाच्या प्रस्तावनेसाठी वर्ष वर्ष खेटे घालू नका. मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती, १८५५ साली 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला. तिनं कुणाची प्रस्तावना घेतली होती?

बास. माझा घसा बसला, आणि मागं चहाची किटली वाजायला लागलीय.

उद्या सकाळी आठला इथंच. प्रत्येकानं दोन पानं लिहून आणायची. घरातली एक वस्तू घ्या. ट्रंक, जातं, डबा, बापाची सायकल, काहीही. ती कुणी कधी लपवली किंवा विकली, आणि ते दुसऱ्या कुणाला कसं कळलं, एवढंच. 'अन्याय' हा शब्द चालणार नाही, 'वेदना' चालणार नाही. उद्गारचिन्ह एकालाच मिळेल, ते कुणी घ्यायचं हे आपापसात ठरवा. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, डावीकडं समास सोडा, मला खुणा करायला जागा लागते. कागद नसेल त्यानं माझ्याकडून घ्या, पाठकोरे आणलेत पिशवीभर.

जयभीम.